मोटर फिरते, तरीही झेड वर सरकतो: ब्रेकआउट बोर्ड बदलल्यानंतर उद्भवलेल्या एका दोषाचा प्रकरण अभ्यास

कोल्हापूर परिसरातील एका लहान सुतारकामाच्या कारखान्यात सागवानी देव्हाऱ्यांच्या पाठफळ्यांवर उठावाचे नक्षीकाम करणारे तीन अक्षांचे सीएनसी (संगणकाने चालणारे) राउटर आहे; एक्स आणि वाय हे त्याचे आडवे अक्ष, आणि झेड हा हत्यार वर-खाली नेणारा. यंत्र तिथेच जुळवलेले आहे. प्रत्येक अक्षाला नेमा २३ आकाराची १.८ अंशांची स्टेपर मोटर, ५ मिलिमीटर आट्याचा बॉलस्क्रू (एका फेऱ्यात अक्ष ५ मिलिमीटर सरकवणारा आटेदार दांडा), डीएम५४२ धाटणीचा, परंतु कोणत्याही परिचित कंपनीचे नाव नसलेला ड्रायव्हर (संकेताप्रमाणे मोटरला प्रवाह देणारा भाग) आणि या सर्वांना ३६ व्होल्टचा वीजपुरवठा अशी त्याची रचना आहे. नियंत्रणासाठी पॅरलल पोर्ट असलेला जुना संगणक आणि त्यावर माक-३ ही प्रणाली वापरली जाते. संगणक आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये ब्रेकआउट बोर्ड असतो. पोर्टच्या २५ पिनांवरील संकेत स्क्रूच्या टर्मिनलांवर आणून देणे आणि मध्ये बफर आयसी घालून पोर्टचे रक्षण करणे एवढेच त्याचे काम.

हा बोर्ड एका पावसाळ्यात निकामी झाला आणि त्याच्या जागी बाजारात सहज मिळणारा पाच अक्षांचा बोर्ड बसवण्यात आला. ड्रायव्हर, मोटरी, वीजपुरवठा, संगणक यांपैकी काहीही बदलले नाही. पिनांची वाटणीही तीच राहिली: एक्सला २ आणि ३, वायला ४ आणि ५, झेडला ६ आणि ७, प्रत्येक जोडीत पहिली पिन पल्सची (एका पल्सला मोटर एक पाऊल फिरते) आणि दुसरी दिशेची. बदल झाला तो वायरिंगच्या एका बाबतीत, आणि हे प्रकरण त्या एका बाबतीभोवतीच फिरते.

अशा ड्रायव्हरच्या संकेताच्या बाजूला पल्स, दिशा आणि एनेबल (नावाचा अर्थ 'चालू करा') यांची प्रत्येकी दोन टर्मिनले असतात, एक अधिक आणि एक उणे. प्रत्येक जोडीच्या आत ऑप्टोकप्लरचा (प्रकाशाने संकेत पलीकडे नेणाऱ्या भागाचा) एलईडी आणि त्याच्याशी एकसर जोडलेला रोध असतो. दोन टर्मिनलांमधून प्रवाह वाहिला की एलईडी पेटतो आणि पलीकडच्या बाजूला संकेत पोहोचतो. जुन्या बोर्डाच्या वेळी पल्स आणि दिशा यांची अधिक टर्मिनले एकत्र करून ५ व्होल्टला जोडलेली होती आणि बोर्डाच्या संकेताच्या तारा उणे टर्मिनलांवर येत होत्या. याला कॉमन अ‍ॅनोड म्हणतात. नव्या बोर्डावर प्रत्येक अक्षासाठी पल्स, दिशा आणि ग्राउंड अशी तीन टर्मिनले शेजारीशेजारी होती. त्यामुळे वायरमनने साहजिकच या दोन्हींची उणे टर्मिनले ग्राउंडला आणि संकेताच्या तारा अधिक टर्मिनलांना जोडल्या, म्हणजे कॉमन कॅथोड पद्धत स्वीकारली. दोन्ही पद्धती ड्रायव्हरच्या माहितीपत्रकात चित्रांसह दिलेल्या आहेत आणि दोन्ही योग्य आहेत. एनेबलची टर्मिनले पूर्वीप्रमाणेच मोकळी सोडली होती, कारण या धाटणीच्या ड्रायव्हरमध्ये एनेबलचा एलईडी पेटला की मोटर सैल सुटते. नाव वाचून तिथे ५ व्होल्ट देणारे आणि मग मोटर का धरत नाही म्हणून डोके धरून बसणारे बरेच जण आढळतात.

यंत्र चालू करताच तिन्ही अक्ष उलट्या दिशेने फिरू लागले. ते अपेक्षितच होते, कारण पूर्वी पिन खाली (० व्होल्टकडे) गेली की एलईडी पेटत असे आणि आता पिन वर गेली की पेटतो. माक-३च्या मोटर आउटपुटच्या तक्त्यात दिशेपुढील "लो अ‍ॅक्टिव्ह"ची (संकेत उलटवणारी) खूण बदलली, अक्ष सरळ फिरू लागले आणि काम सुरू झाले. त्याच तक्त्यात पल्सपुढेही तशीच एक खूण असते. तिला कोणी हात लावला नाही, कारण पल्स उलटा झाला तरी मोटर फिरतेच. उलटा झाल्याचे डोळ्यांना काहीच दिसत नाही.

लक्षण

पहिलीच मोठी फळी बिघडली. ३०० बाय २०० मिलिमीटरच्या नक्षीत हत्यार एक्स दिशेने जात-येत होते आणि दोन ओळींमधील अंतर अर्धा मिलिमीटर होते. सुरुवातीच्या ओळी बिनचूक होत्या, मध्यावर पाने उथळ वाटू लागली आणि शेवटच्या भागात बारीक शिरा उमटल्याच नाहीत. काम संपल्यावर झेडला शून्यावर आणून पाहिले तेव्हा हत्याराचे टोक लाकडाच्या पृष्ठभागाच्या सुमारे अडीच मिलिमीटर वर उभे होते. नीट पाहिल्यावर नक्षीची उभी किनारसुद्धा किंचित कललेली आढळली; २०० मिलिमीटर उंचीत ती अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त सरकली होती. वेलबुट्टीच्या गर्दीत हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. वाय दिशेत मात्र काहीही चूक नव्हती.

झेड सरकला की पहिला संशय नेहमी वजनावर जातो. स्पिंडल (हत्यार फिरवणारी मोटर) जड असतो, कपलिंगचा (मोटर आणि बॉलस्क्रू जोडणाऱ्या भागाचा) ग्रब स्क्रू ढिला पडतो, मोटरचा जोर कमी पडतो आणि अक्ष हळूहळू खाली बसतो, हा सर्वांचा अनुभव आहे. येथे अक्ष वर चढत होता. गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध जाणारा दोष हा ढिल्या स्क्रूचा दोष असण्याची शक्यता फारच कमी, आणि माझ्या मते या एकाच निरीक्षणावर तपासाची दिशा बदलायला हवी होती. प्रत्यक्षात कपलिंग उघडून पुन्हा घट्ट केले गेले, त्यावर पेनाने रेघ मारून ती जुळते का हेही पाहिले गेले, आणि रेघ जुळलेलीच राहिली.

त्यानंतर विद्युत गोंगाटाचा, म्हणजे शेजारच्या तारांमुळे संकेतात मिसळणाऱ्या खळबळीचा, संशय आला. स्पिंडलच्या व्हीएफडीची (त्याची गती ठरवणाऱ्या वीज-नियंत्रकाची) केबल संकेताच्या तारांपासून दूर नेली, संकेतासाठी शील्ड असलेली केबल वापरून तिची जाळी एकाच टोकाला ग्राउंड केली. ही कामे कधी ना कधी करायलाच हवी होती, म्हणून ती वाया गेली असे म्हणता येणार नाही. पण दोषात तसूभरही फरक पडला नाही. प्रवेग निम्म्यावर आणला, तरीही सरकणे तेवढेच राहिले. मग वाय आणि झेडचे ड्रायव्हर आपापसात बदलले. झेड पूर्वीसारखाच वर चढत राहिला आणि वाय पूर्वीसारखाच निर्दोष राहिला. यावरून ड्रायव्हर चांगले आहेत आणि नवा बोर्डच खराब आहे असा निष्कर्ष काढण्यात आला. तो तर्काला धरून वाटतो, पण त्यात एक फट आहे. या नक्षीत वाय अक्ष फक्त पुढे सरकत जातो, त्याला दिशा बदलावीच लागत नाही. ज्या अक्षाची परीक्षाच झाली नाही त्याला उत्तीर्ण ठरवून त्याच्या ड्रायव्हरला निर्दोष मानले गेले होते.

आकडे काय सांगतात

या टप्प्यावर यंत्राला हात लावण्यापेक्षा कागद-पेन्सिल जास्त उपयोगी पडली. मोटर १.८ अंशांची असल्याने एका फेऱ्यात २०० पूर्ण पावले येतात. ड्रायव्हरचे स्विच १६ मायक्रोस्टेपवर (एका पूर्ण पावलाचे १६ भाग) होते, म्हणजे एका फेऱ्याला ३२०० पल्स. आटा ५ मिलिमीटरचा, म्हणून एका मिलिमीटरला ६४० पल्स आणि एका पल्सला ०.००१५६२५ मिलिमीटर.

स्टेपर मोटर जोर कमी पडून पाऊल चुकवते तेव्हा ती मनाला येईल तेवढी चुकत नाही. रोटरचे दात स्टेटरच्या चुंबकीय क्षेत्रातून निसटले की ते पुढच्या तशाच स्थितीत जाऊन अडकतात, आणि तशी स्थिती चार पूर्ण पावलांनी येते. १.८ अंशांच्या मोटरमध्ये हे ७.२ अंश होतात, म्हणजे फेऱ्याचा पन्नासावा भाग. या यंत्रात तो ०.१ मिलिमीटर येतो. म्हणून जोर कमी पडल्यामुळे झालेली चूक ०.१, ०.२, ०.३ अशा टप्प्यांनीच वाढली पाहिजे. डायल गेज लावून झेडला केवळ दहा वेळा वर-खाली केले तेव्हा काटा ०.०३ मिलिमीटर सरकलेला दिसला. एवढी लहान चूक रोटर निसटून होऊच शकत नाही. जोर, प्रवेग, वजन, मोटरच्या प्रवाहाची मर्यादा या सर्व गोष्टी या एका मापाने बाद झाल्या.

पुढची चाचणी झेडला २ मिलिमीटर वर नेऊन परत आणण्याची होती, अशी ३२० आवर्तने. गेजने १.०० मिलिमीटर दाखवले. हीच चाचणी १० मिलिमीटरच्या हालचालीने केली. एकूण अंतर पाचपट झाले, गेजने पुन्हा १.०० मिलिमीटरच दाखवले. गती बदलली तरीही तेच. म्हणजे चूक अंतरावर, गतीवर किंवा वेळेवर अवलंबून नव्हती. ती दिशा किती वेळा बदलली एवढ्यावरच अवलंबून होती. एक मिलिमीटर भागिले ३२० म्हणजे ०.००३१२५ मिलिमीटर, आणि ते बरोबर दोन पल्स होतात. गोंगाटाने आलेले जादा पल्स इतक्या शिस्तीत येत नाहीत. बॅकलॅशने (आट्यांमधील ढिलाईने) चूक होते, पण ती साठत जात नाही.

मग बिघडलेल्या फळीचा हिशेबही जुळला. अर्ध्या मिलिमीटरच्या अंतराने २०० मिलिमीटरमध्ये ४०० ओळी, म्हणजे एक्सची २०० आवर्तने आणि ०.६२५ मिलिमीटरची चूक. त्या नक्षीत प्रत्येक ओळीत साधारण दोन उंचवटे होते, म्हणजे झेडची ८०० आवर्तने आणि अडीच मिलिमीटर. वाय अक्षावर हीच ३२० आवर्तनांची चाचणी घेतली तेव्हा तोही एक मिलिमीटर सरकला. निर्दोष म्हणून बाजूला काढलेला अक्ष इतर दोघांइतकाच दोषी निघाला.

प्रत्येक आवर्तनात दोन पल्सची चूक म्हणजे नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे. एखादा पल्स हरवला तर चूक एका पल्सची होते. पण खाली जाण्यासाठी पाठवलेला पल्स वर जाण्याचा म्हणून मोजला गेला, तर एक पाऊल खाली जायचे राहते आणि एक पाऊल उलट वर जाते. चूक दोनची होते. म्हणजे पल्स सगळेच पोहोचत होते, मात्र दर आवर्तनात एक पल्स चुकीच्या दिशेचा मानला जात होता. ड्रायव्हरने पल्स पाहिला तेव्हा दिशेचा संकेत त्याच्यापर्यंत पोहोचलेला नव्हता.

कोणती कड मोजली जाते

ड्रायव्हर पल्स मोजतो म्हणजे पल्सची एक कड मोजतो. या ड्रायव्हरच्या माहितीपत्रकाप्रमाणे पल्सचा एलईडी पेटतो त्या क्षणी पाऊल पडते. विझताना काही होत नाही. त्याच पत्रकात पल्स किमान २.५ मायक्रोसेकंद रुंद असावा आणि दिशेचा संकेत पावलाच्या किमान ५ मायक्रोसेकंद आधी स्थिर झालेला असावा असे म्हटले आहे. कारखान्यातील माक-३च्या मोटर ट्यूनिंगमध्ये स्टेप पल्स (पल्सची रुंदी) १० मायक्रोसेकंद आणि डिर पल्स (दिशा पल्सच्या किती आधी बदलायची तो अवधी) ५ मायक्रोसेकंद होता. म्हणजे पत्रकातील किमान अट अक्षरशः पाळली गेली होती.

जुन्या वायरिंगमध्ये मात्र परिस्थिती वेगळी होती. पल्सची पिन एरवी खाली असे आणि कॉमन अ‍ॅनोडमुळे एलईडी एरवी पेटलेलाच असे. पल्स आला की पिन १० मायक्रोसेकंद वर जाई, तेवढा वेळ एलईडी विझे आणि पल्स संपताना तो पुन्हा पेटे. पाऊल पडे ते पल्सच्या शेवटच्या कडेला. त्यामुळे दिशा बदलल्यापासून पाऊल पडेपर्यंत आधीचे ५ आणि पल्सच्या रुंदीचे १० असे १५ मायक्रोसेकंद मिळत होते. नव्या वायरिंगमध्ये एलईडी एरवी विझलेला आणि पल्सच्या पहिल्या कडेला पेटणारा झाला. पुस्तकात दाखवतात तशी ही आदर्श जुळणी होती, आणि तिच्यात दिशेला उरले केवळ ५ मायक्रोसेकंद. आधीच्या जुळणीतील १० मायक्रोसेकंदांची सवलत कोणी जाणूनबुजून दिलेली नव्हती, म्हणून ती गेली तेव्हा कोणाला कळलीही नाही.

तरी प्रश्न उरतोच: पत्रक ५ म्हणते आणि ५ दिलेले आहेत, तर ते कमी का पडावेत? त्याचे उत्तर ड्रायव्हरचे झाकण काढल्यावर मिळाले.

ऑप्टोकप्लरच्या आत

पल्सच्या टर्मिनलांमागे आठ पायांचा ऑप्टोकप्लर होता आणि त्यावर ६एन१३७ असे छापलेले होते. दिशा आणि एनेबल यांच्यामागे चार पायांचे, ८१७ छापाचे ऑप्टोकप्लर होते. ही काटकसर स्वस्त ड्रायव्हरमध्ये नेहमी आढळते आणि तिच्यामागील विचार अगदीच चुकीचा नाही: पल्स सेकंदाला हजारो वेळा येतात, दिशा क्वचित बदलते, मग दिशेसाठी महाग भाग कशाला घालायचा? पण दिशा क्वचित बदलत असली तरी बदलते त्या क्षणी तिला पल्सच्या आधी पोहोचावे लागते, हे या विचारातून निसटते.

६एन१३७ मध्ये फोटोडायोड आणि वेगवान अ‍ॅम्प्लिफायर एकाच चिपवर असतात. एलईडीपासून बाहेर पडेपर्यंतचा विलंब २५ अंश सेल्सियसला जास्तीत जास्त ७५ नॅनोसेकंद दिलेला आहे. ८१७ हा साधा फोटोट्रान्झिस्टर आहे. त्याच्या पत्रकात चढण्याचा वेळ ४ आणि उतरण्याचा ३ मायक्रोसेकंद असे नमुन्याचे आकडे असतात, परंतु ते १०० ओहमच्या भारावर मोजलेले असतात. ड्रायव्हरमध्ये तो काही हजार ओहमच्या पुल-अप (व्होल्टेज वर खेचणाऱ्या) रोधावर काम करतो आणि एलईडीला भरपूर प्रवाह मिळत असल्याने पूर्ण संतृप्त होतो, म्हणजे गरजेपेक्षा जास्त जोराने चालू होतो. अशा ट्रान्झिस्टरला चालू व्हायला फारसा वेळ लागत नाही. बंद होताना मात्र बेसमध्ये साठलेला विद्युतभार निघून जावा लागतो आणि कलेक्टरचे व्होल्टेज त्या मोठ्या रोधातून सावकाश वर चढते. एकूण विलंब सहज दहा-वीस मायक्रोसेकंदांवर जातो. एलईडीला जास्त प्रवाह दिला तर संकेत "मजबूत" होईल अशी एक समजूत आहे; बंद होण्याच्या बाबतीत ती नेमकी उलटी आहे, कारण संतृप्ती जितकी खोल तितका बाहेर पडायला उशीर.

दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप लावून पाहिले. ड्रायव्हरच्या टर्मिनलांवर दिशा बदलल्यानंतर ५ मायक्रोसेकंदांनी पल्स येत होता, म्हणजे संगणक आणि ब्रेकआउट बोर्ड आपले काम चोख करत होते. प्रोब ऑप्टोकप्लरच्या पलीकडे नेल्यावर चित्र बदलले. दिशेचा एलईडी पेटताना संकेत ३-४ मायक्रोसेकंदांत पोहोचत होता, पल्सच्या थोडा आधी. एलईडी विझताना मात्र व्होल्टेज वाकलेल्या रेषेत चढत होते आणि प्रोसेसर ज्या पातळीला नवी दिशा मानील तिथे पोहोचायला सुमारे १२ मायक्रोसेकंद लागत होते. पल्स त्याच्या ७ मायक्रोसेकंद आधीच येऊन गेलेला असे. पुढचा पल्स माक-३च्या २५ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला २५ हजार) ठोक्यामुळे किमान ४० मायक्रोसेकंदांनंतरच येतो. तोवर दिशा स्थिर होते, म्हणून चुकतो तो फक्त पहिला पल्स.

नव्या बोर्डाला दोष देण्याआधी त्याचे आउटपुटही मोजले गेले. ७४एचसी मालिकेतील बफर प्रवाह पुरवताना ४.४ व्होल्टपर्यंत उतरत होता. एलईडीवरचे साधारण १.४ व्होल्ट वजा करून आणि ड्रायव्हरमधील २७० ओहमच्या रोधाने भागून ११ मिलिअँपिअर येतात. ६एन१३७ ला पेटायला ५ मिलिअँपिअर पुरतात. त्यामुळे बोर्ड दुर्बल आहे हा आरोपही टिकला नाही. कॉमन अ‍ॅनोडची जी परंपरा पडली आहे ती जुन्या टीटीएल चिपांमुळे: ७४एलएस मालिकेतील साधे गेट ८ मिलिअँपिअर शोषून घेऊ शकते, पुरवू मात्र ०.४च शकते, म्हणून त्या काळी ५ व्होल्ट सामाईक ठेवून पिनेने प्रवाह खेचणे हाच एक मार्ग होता. एचसी चिपा दोन्ही बाजूंनी जवळपास सारख्याच सक्षम असल्याने आज ती सक्ती उरलेली नाही.

एकाच बाजूला उशीर होणे ही या प्रकरणातील सर्वांत बोधक गोष्ट आहे. समजा, एलईडी पेटताना आणि विझताना सारखाच उशीर झाला असता. वरून खाली वळताना पहिला पल्स चुकून वर गेला असता, खालून वर वळताना पहिला पल्स चुकून खाली गेला असता, आणि दोन्ही चुका दर आवर्तनाला एकमेकींना खोडून काढत राहिल्या असत्या. अक्ष सरकला नसता, ०.००३ मिलिमीटरची ती चूक लाकडात कोणाला दिसलीही नसती. सरकणे दिसते ते केवळ एक कड वेळेत पोहोचते आणि दुसरी पोहोचत नाही म्हणून. त्यामुळे अक्ष सरकत नाही यावरून वेळेचे गणित बरोबर आहे असे म्हणणे धाडसाचे आहे. ते दोन्ही बाजूंनी सारखे चुकलेलेही असू शकते.

याच गोष्टीवरून एक सोपी खात्रीची चाचणी करता येते आणि तिला ऑसिलोस्कोप लागत नाही. ज्या दिशेसाठी एलईडी पेटलेला असतो त्या दिशेलाच अक्ष सरकतो. वीज बंद करून, ड्रायव्हरवरचा दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबून, झेड मोटरच्या एका वेटोळ्याच्या दोन तारा आपापसात बदलल्या आणि माक-३ मध्ये झेडच्या दिशेची खूण उलटवली. हालचाल अगदी पूर्वीसारखी झाली, पण आता एलईडी खाली येताना पेटत होता. ३२० आवर्तनांनंतर झेड बरोबर एक मिलिमीटर खाली गेला. यांत्रिक दोष असता तर त्याला तारांची अदलाबदल कळण्याचे कारण नव्हते. (ड्रायव्हरला वीज असताना मोटरची तार काढू नये. वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तुटला तर ड्रायव्हरचे आउटपुट ट्रान्झिस्टर जळू शकतात, आणि मग एका दोषाचे दोन होतात.)

उपाय

मार्ग अनेक होते. ८१७ काढून वेगवान ऑप्टोकप्लर बसवणे शक्य होते, पण पायांची रचना वेगळी आणि उत्पादनात असलेल्या यंत्राचा ड्रायव्हर असा उघडून सोल्डर करणे परवडणारे नव्हते. पुल-अप रोध कमी करण्याचाही विचार झाला आणि त्याच कारणाने सोडला. वायरिंग पुन्हा कॉमन अ‍ॅनोड करता आले असते, कारण नव्या बोर्डावर ५ व्होल्टचे टर्मिनल होते. त्याने जुनी १० मायक्रोसेकंदांची सवलत परत मिळाली असती. पण तोच परिणाम वायरला हात न लावता मिळत असेल तर तो अधिक चांगला, निदान त्यात एखादा स्क्रू ढिला राहण्याची भीती नाही.

म्हणून तिन्ही अक्षांच्या पल्सपुढील "लो अ‍ॅक्टिव्ह"ची खूण लावण्यात आली. आता पिन एरवी वर राहते, एलईडी एरवी पेटलेला असतो, पल्समध्ये तो विझतो आणि पल्स संपताना पेटतो. पाऊल शेवटच्या कडेला पडते. शिवाय डिर पल्स ५ वरून १० वर नेला. दिशेला आता १० अधिक १० असे २० मायक्रोसेकंद मिळतात आणि गरज १२ची आहे. नुसती खूण लावूनही १५ मिळाले असते, पण ऑप्टोकप्लर तापमानाप्रमाणे आणि वयाप्रमाणे बदलतो, आणि पत्र्याच्या छपराखालच्या पॅनेलमध्ये मे महिन्यात काय तापमान असते हे कोल्हापुरात सांगायला नको. नुसता डिर पल्स १० करून भागले नसते, कारण १० हे १२ हून कमीच.

तिन्ही अक्षांवर ३२० आवर्तनांची चाचणी पुन्हा घेतली. गेजचा काटा सुरुवातीच्या रेघेवर परत आला. झेडच्या वेटोळ्याच्या तारा आणि दिशेची खूण आधीसारख्या करून चाचणी पुन्हा घेतली, तेव्हाही काटा हलला नाही.

या उपायाचे दोन बारीक परिणाम नोंदवून ठेवले पाहिजेत. पहिला असा की संगणक सुरू होताना पोर्टच्या पिना खाली असतात आणि माक-३ ताबा घेते तेव्हा त्या वर जातात. त्या क्षणी प्रत्येक ड्रायव्हरला एक कड दिसते आणि तो एक मायक्रोस्टेप टाकतो. होमिंग (अक्ष ठराविक मूळ जागी नेऊन शून्य ठरवणे) त्यानंतर होत असल्याने त्याला महत्त्व नाही, मात्र होमिंग न करता कालच्या शून्यावर विसंबून काम सुरू करण्याची सवय असेल तर ती सोडावी लागेल. दुसरा परिणाम ठोक्याच्या वेगाशी निगडित आहे. २५ किलोहर्ट्झला दोन ठोक्यांमध्ये ४० मायक्रोसेकंद असतात आणि १० मायक्रोसेकंदांच्या पल्सनंतर ३० उरतात. या वेगाला ६४० पल्सच्या हिशेबाने अक्षाची कमाल गती मिनिटाला २३४३ मिलिमीटर येते, जी सागवानाच्या नक्षीला पुरेशी आहे. पुढे कोणी गती वाढवण्यासाठी ४५ किलोहर्ट्झ निवडले तर दोन ठोक्यांमधील अंतर २२ मायक्रोसेकंदांवर येते, पल्सनंतर जेमतेम १२ उरतात, आणि तेव्हा पल्सची रुंदी, दिशेचा अवधी आणि पावलाची कड या तिन्हींचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. मायक्रोस्टेप १६ वरून ८ वर आणणे हा त्याहून स्वस्त मार्ग आहे: त्याच ठोक्यावर गती दुप्पट होते आणि एका पल्सचे अंतर ०.००३१२५ मिलिमीटर होते, जे लाकडासाठी अजूनही बारीकच आहे. पॅनेलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला आता पिनांच्या तक्त्याशेजारी पल्सची कड, त्याची रुंदी आणि दिशेचा अवधी लिहिलेला आहे, आणि पुढचा बोर्ड बदलेल तेव्हा ३२० आवर्तनांची फाइल चालवून मगच फळी चढवायची असे ठरले आहे.